अंगठ्याखालचा कोपरा

डॉक्टर दिनकर अष्टपुत्रे यांचे डोळे सरकारनं अकरा वर्षांपूर्वी उतरवून घेतले. दचकू नका. डोळे जिथल्या तिथं होते, जाड चष्म्यामागं, वयोमानानं जरा पाणावलेले. उतरवून घेतली ती त्यांची नजर.

कशी, ते आधी सांगायला हवं, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल. अंजनपूरच्या मेडिकल कॉलेजात अष्टपुत्रे सर एक्स-रे विभागाचे प्रमुख. छातीचा फोटो वाचावा तर त्यांनीच, असा चार जिल्ह्यांत लौकिक. नुसत्या फोटोवरून पेशंट विडी ओढतो की चुलीपुढं बसतो हे ते सांगत. एकदा तर म्हणे, बरगडीचा जुना सांधा पाहून ‘ह्याला म्हशीनं पाडलंय, बैलानं नव्हे,’ असं त्यांनी सांगितलं आणि पेशंटनं म्हशीचं नावसुद्धा सांगून टाकलं. म्हशीचं सोडून देऊ. पण सर फोटोकडे बघायला लागले की आजूबाजूचे लोक श्वास धरून उभे राहत, एवढं खरं.

तर ह्या सरांच्या पडद्याखाली बटणाएवढा कॅमेरा बसवला गेला. सरांची बुबुळं फोटोवर कुठं जातात, कुठं थबकतात, कुठं पुन्हा वळून येतात, हे सगळं तो टिपायचा. तीन वर्षांत दोन लाख फोटो. ह्या नजरेवर एक यंत्र शिकवलं. फोटोतला प्रत्येक ठिपका सारख्याच बारकाईनं बघायचा तर प्रचंड संगणक लागतो, तो तालुक्याच्या दवाखान्यात कुठून आणणार? पण जाणता माणूस कुठं बघतो हे एकदा कळलं, की यंत्रानं आपली सगळी ताकद तिथंच लावायची. बाकीच्या जागेवरून नुसती नजर फिरवायची. मग जेवणाच्या डब्याएवढी पेटीसुद्धा पुरते. यंत्राचं कागदोपत्री नाव ‘नेत्रा’. विभागात मात्र सगळे त्याला ‘धाकटे सर’ म्हणत. ‘धाकट्या सरांनी बघितलं का?’ ‘धाकटे सर काय म्हणतात?’ थोरल्या सरांना ते ऐकून गुदगुल्या होत.

धाकटे सर शिकवायलासुद्धा लागले. नव्या विद्यार्थ्यापुढं फोटो यायचा आणि त्यावर हिरवा काजवा फिरायचा. सरांची नजर जशी फिरली असती तसा. विद्यार्थ्यानं काजव्यामागं डोळे न्यायचे. चुकले की काजवा लाल व्हायचा. सहा महिन्यांत पोरं-पोरी सरांसारखी बघू लागत. गेल्या आठ वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत गेलेले सगळे रेडिओलॉजिस्ट ह्या काजव्यामागं चालून तयार झालेले.

फक्त एक सोडून.

डॉक्टर जाई कोकरे अजून विभागातच शिकणारी, आटपाडीकडची, मेंढपाळाच्या घरातली. लहानपणी तिरळेपणाचं ऑपरेशन झालेलं. दिसायला डोळे सरळ, पण दोन्ही बुबुळं एका वेळी एका ठिकाणी टेकायची नाहीत. कॅमेऱ्याला तिची नजर धरताच यायची नाही. काजवा थोडा वेळ भिरभिरायचा आणि विझायचा. म्हणून मग ती काजव्याविना वाचायची. तिची पद्धत घरची होती. तिचे वडील वाड्यात मेंढरं मोजताना एका कडेनं सुरुवात करत आणि दुसऱ्या कडेपर्यंत एकही सोडत नसत. ती फोटो तसा वाचायची. इतर मुलं चाळीस फोटो संपवत तेव्हा हिचे नऊ व्हायचे. विभागात तिला ‘बैलगाडी’ म्हणत. सर म्हणत नसत, पण हसत असत.

त्या रविवारी दुपारी विभाग रिकामा होता. दुसऱ्या दिवशी, सोमवारी अकरा वाजता, कॉलेजच्या सभागृहात पालकमंत्री येणार होते. त्यांच्यासमोर सर एका प्रमाणपत्रावर सही करणार होते. आजवर धाकट्या सरांच्या प्रत्येक अहवालावर एका माणसाची सही लागायची. प्रमाणपत्रात एकच वाक्य होतं: ह्यापुढं मानवी वाचनाची आवश्यकता नाही. त्या सहीनंतर राज्यभर पेट्या एकट्या वाचणार, आणि एक्स-रे विभागाच्या पदव्युत्तर जागा बंद होणार. वाचायला माणूस नको, तर वाचायला शिकवायचं कुणाला?

सर खोलीत बसून उद्याच्या भाषणाचा सराव करत होते. दारावर टकटक झाली.

“सर, येऊ काय?”

“ये. पण कोकरे, आज रविवार आहे. बैलगाडीलासुद्धा सुट्टी असते.”

ती हसली नाही. “मुजावरमामांचा फोटो बघता काय? जरा घाईचं आहे.”

हसन मुजावर म्हणजे विभागाचे जुने तंत्रज्ञ. डार्करूममध्ये फिल्मा धुण्यापासून सुरुवात केलेली, तीस वर्षं सरांच्या बरोबरीनं काढलेली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी दर वर्षी छातीचा फोटो काढायला इथंच येत. जन्मभर किरणांशी खेळ केलेला माणूस, तपासणी चुकवायचा नाही.

फोटो पडद्यावर आला. सरांनी चार सेकंद बघितलं.

“साफ आहे. धाकटे सर काय म्हणतात?”

“साफ म्हणतात.”

“मग?”

“सर, खाली. तुमच्या डाव्या हाताला. मामांच्या उजव्या कुशीला.”

सरांनी बघितलं. काही नव्हतं. फुप्फुसाचा कोपरा जसा असतो तसा. त्यांनी भुवया उंचावल्या.

जाईनं पिशवीतून दोन कोरे कागद काढले आणि पडद्यावर आडवे-उभे धरले. सगळी छाती झाकली. उरला तळहाताएवढा कोपरा. सर पुढं वाकले.

बरगडीच्या आड, धुरकट, कडेला जरा काटेरी. सुपारीएवढी सावली. पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसली असती.

“मागचे काढ,” सर म्हणाले.

मागच्या वर्षीच्या फोटोत तिथंच हरभऱ्याएवढं काहीतरी. त्याच्या मागच्या दोन वर्षांच्या फोटोंत, आता माहीत होतं म्हणून दिसलं, मुगाच्या दाण्याएवढं. ह्या जुन्या तिन्ही अहवालांवर धाकट्या सरांचा ‘साफ’ होता आणि तिन्हींखाली एकच मानवी सही होती, लपेटदार, शेवटी दोन टिंबं दिलेली. दि. वि. अष्टपुत्रे.

सरांनी कागद बाजूला केले. सगळा फोटो पुन्हा दिसू लागला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती सावली जणू विरघळून गेली. नजर तिथं जाईचना. ढकलली तरी घसरून वर येत होती.

“एक चुकलं,” ते म्हणाले. “हजारात एखादं चुकतं. माणसाचं चुकतं, यंत्राचंही चुकणार.”

“एक असतं तर मी बोलले नसते, सर.” जाईनं वही काढली. “मी चार महिने जुने फोटो वाचतेय, कडेपासून कडेपर्यंत. नऊशे झाले. धाकट्या सरांचं चुकलेलं चौदा वेळा सापडलं. चौदाच्या चौदा ह्याच कोपऱ्यात. दुसरीकडं कुठंच नाही.”

“तू? ज्या डोळ्यांवर कॅमेरा टिकत नाही त्या डोळ्यांनी तू माझं—” सर बोलता बोलता थांबले, पण जे बाहेर पडायचं ते पडलं होतं.

जाईचे कान लाल झाले. तिनं वही मिटली नाही. “होय, त्याच डोळ्यांनी. आणि सर, ह्या चौदांतले सहा आता नाहीत. मी फोन केले होते.” मग हळूच म्हणाली, “मामा खाली बाकावर बसलेत. अहवाल द्या म्हणतायत. काय सांगू?”

सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. उद्या अकराला आता एकोणीस तास उरले होते.

“त्यांना सीटीला घे,” ते म्हणाले. “मी येतो.”

सीटीत शंकेला जागा उरली नाही. गाठ होती. अडीच सेंटिमीटर. पसरल्याची खूण दिसत नव्हती, हाच काय तो दिलासा. मुजावर कपडे घालून बाहेर आले तेव्हा सर त्यांच्या नजरेला नजर देईनात.

“मुजावर, आपल्या जुन्या फिल्मा कुठं आहेत?”

“जुन्या? ओ साहेब, त्या, त्यांच्यातल्या चांदीसाठी, भंगारात गेल्या की. ग्रहण बघायला म्हणून निम्म्या गावानं नेल्या.” मुजावर शर्टाची बटणं लावत म्हणाले. “शिकवणीच्या तेवढ्या मी ठेवल्यात. डार्करूमच्या पत्र्याच्या पेटीत. का हो?”

डार्करूम आता अडगळीची खोली झाली होती, तरी दार उघडल्यावर फिल्म धुण्याच्या फिक्सरचा आंबूस वास अजून नाकाला झोंबला. मुजावरांनी पेटी उघडली आणि एक फिल्म खिडकीकडं धरली. बोटांच्या टोकांनी, कडेला, नव्या कागदी पतंगासारखी. मग तिरकी केली.

“हे बघा. हे बघा अजून! तीस वर्षं झाली, जात नाही.”

“काय?”

“तुमचा अंगठा, दुसरं काय! किती ओरडलो मी तुम्हाला? साहेब, कडेला धरा, कडेला धरा. तुम्ही ऐकाल तर शपथ.”

फिल्मच्या डाव्या अंगाला, खालच्या कोपऱ्यापासून चार बोटं वर, अंगठ्याचा ठसा होता. दुसऱ्या फिल्मवर तिथंच. तिसऱ्या, दहाव्या, तिसाव्या फिल्मवर तिथंच. ओल्या फिल्मवर दाबलेला, रेघान्‌रेघ उमटलेला.

सरांना ती खिडकी आठवली. नव्यानं नोकरीला लागले तेव्हा फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीतली ट्यूब गेली होती. मागणीपत्र गेलं. ते कुठल्या टेबलावर बसलं कोण जाणे, नवी ट्यूब आली तेव्हा सर असिस्टंटचे प्रोफेसर झाले होते. मधली अकरा वर्षं त्यांनी पूर्वेच्या खिडकीत उभं राहून फिल्मा वाचल्या. उजव्या हातात लाल-निळी पेन्सिल. डाव्या हातात फिल्म. आणि डाव्या हाताचा अंगठा दर वेळी त्याच जागेवर. अंगठाही असा तसा नव्हे, कॉलेजात असताना कुस्तीत मोडून पसरट बसलेला. त्याच्याखाली फुप्फुसाचा कोपरा झाकला जायचा. जिथं आपलाच अंगठा दिसतो तिथं बघून काय करायचं? डोळे तिथं जायचे थांबले. पुढं फिल्मा गेल्या, पडदे आले, अंगठा बाजूला झाला. पण डोळ्यांना कुणी कळवलंच नाही.

“कोकरे,” सर म्हणाले, “तो कॅमेरा माझ्यावर लाव. शंभर फोटो दाखव. मी नेहमीसारखे वाचतो.”

बारा मिनिटं लागली. मग जाईनं सरांची नजर नकाशावर उतरवून घेतली. जिथं जिथं डोळे टेकले तिथं तिथं हिरवा ठिपका. सगळी छाती ठिपक्यांनी भरून गेली होती, दिवाळीतल्या अंगणासारखी. आणि डावीकडं खाली एक जागा सफाचट. लांबट, वरून गोल, मध्ये जरा फुगीर. एकही ठिपका नाही.

सरांनी डावा हात उचलला आणि अंगठा पडद्यावर त्या मोकळ्या जागी ठेवला.

तंतोतंत बसला.

सगळा घोटाळा आता उघडा पडला होता. यंत्र सरांचं बघणं शिकलं, तसं सरांचं न बघणंही शिकलं. यंत्राची परीक्षा घ्यायची तर उत्तरं पडताळायला बसले कोण? सर. यंत्रानं शिकवलेली मुलं यंत्रावर देखरेख करतात, तीही काजव्यामागून. आणि काजवा त्या कोपऱ्यात कधी गेलाच नव्हता. गेली आठ वर्षं आख्ख्या राज्यावर एकच अंगठा दाबून ठेवलेला होता.

“साहेब,” मुजावर मागून म्हणाले. सर दचकले. त्यांना वाटलं होतं मुजावर पेटी आवरतायत. “मघाशी सीटी कशाला केली माझी?”

सर वळले. मुजावरांनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा त्या अंगठ्याकडं. तीस वर्षं डॉक्टरांमध्ये वावरलेला माणूस. समजायला फार वेळ लागला नाही.

“म्हणजे मी तुमच्या अंगठ्याखाली बसलोय होय?” ते म्हणाले. “किती वर्षं?”

“तीन.”

“तीन.” मुजावरांनी स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. जाईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग ते म्हणाले, “मी फिल्मचा डाग पुसायला कापूस घेऊन बसायचो, साहेब. तुमच्यावर चिडायचो. आणि मनातून म्हणायचो, डाग पडला तर पडला, साहेबांची नजर आहे.”

ह्याच्यापेक्षा त्यांनी एक शिवी हासडली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

पाच वाजता अधिष्ठाता डॉक्टर शर्मिष्ठा किल्लेदार उद्याची व्यवस्था बघायला आल्या. त्या एके काळी सरांच्याच विद्यार्थिनी. सरांनी सगळं सांगितलं, पडदा दाखवला.

“सर, किती जणांना माहीत आहे हे?”

“तिघांना. आता चौघांना.”

“मग उद्या सही करा,” त्या म्हणाल्या. “ऐका माझं. रागावू नका. डोंगरातल्या अठ्ठावीस केंद्रांत आज फोटो निघतो आणि वाचायला कुणी नसतं. टीबीचा माणूस फोटो घेऊन घरी जातो आणि तो भिंतीला लावून ठेवतो. उद्यापासून त्याचा फोटो वाचला जाईल. तुमच्या अंगठ्याएवढी जागा सोडून सगळं दिसेल. आज तर काहीच दिसत नाही. उद्या थांबलो तर मंजुरी पुन्हा येईल की नाही, मला माहीत नाही. कोपरा आपण मागाहून दुरुस्त करू. गुपचूप.”

“कुणाच्या डोळ्यांनी?”

“म्हणजे?”

“दुरुस्त करायला कोपरा बघणारं माणूस लागेल, शर्मिष्ठा. आठ वर्षांत तयार झालेल्या सगळ्यांना हाच अंगठा आहे. एक ही कोकरे. सही झाली की तिची जागाही जाते. मग बघणार कोण?”

“सर, आणि तुमचं नाव?” त्यांचा आवाज मऊ झाला. “चाळीस वर्षांचं? उद्या लोक म्हणतील, अष्टपुत्र्यांनी किती माणसं घालवली ते मोजा.”

सरही तेच मोजत होते. शर्मिष्ठाबाई गेल्यावर जाई दारात आली.

“सर, सही करणार?”

“तू काय करशील?”

“मी बैलगाडी,” ती म्हणाली. “मला कोण विचारतं.” आणि निघून गेली.

सोमवारी सभागृह गच्च भरलं. राज्यभरातून आलेले चाळीसेक रेडिओलॉजिस्ट पुढच्या रांगांत, सगळे काजव्यामागून गेलेले, सरांचे म्हणवून घेणारे. व्यासपीठावर हार, समई, पालकमंत्री. पहिल्या रांगेत कडेला मुजावर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. सरांनी त्यांना सकाळी विचारलं होतं, तुमचा फोटो दाखवू का? मुजावर म्हणाले होते, “दाखवा की. एवढा सजून चाललोय, फोटो तरी लागू दे.”

प्रमाणपत्र मखमली तबकातून आलं. सर उठले, पण पेनाकडं गेले नाहीत. ध्वनिक्षेपकापुढं उभे राहिले.

“सही करण्यापूर्वी शेवटचा वर्ग घेतो,” ते म्हणाले. “एकच फोटो. ज्याला काही दिसेल त्यानं हात वर करायचा.”

मागच्या मोठ्या पडद्यावर फोटो आला. भिंतभर उंचीची छाती. चाळीस माना वर झाल्या. चार सेकंद. दहा सेकंद. शर्मिष्ठाबाईंनी डोळे मिटून घेतले. एकही हात वर झाला नाही. कोपऱ्यात नेत्राचा हिरवा शब्द उमटला: साफ. कुणीतरी टाळी वाजवली. मंत्रीसाहेबही हसून वाजवू लागले.

“मला दिसतंय,” पहिल्या रांगेतून आवाज आला.

मुजावर उभे राहिले होते. “मी काही डॉक्टर नव्हे. पण मला दिसतंय. कारण तो फोटो माझा आहे.”

टाळ्या थांबल्या. सरांनी जाईला खूण केली. तिनं कळ दाबली आणि पडद्यावरची सगळी छाती काळी झाली. उरला एक कोपरा. आणि त्या कोपऱ्यात, भिंतभर मोठी होऊन, माणसाच्या डोक्याएवढी ती सावली.

चाळीस जणांच्या तोंडून एकच आवाज निघाला, जोरानं दार लोटल्यावर जुनं घर हलतं तसा. त्यांतल्या शेवटच्या रांगेत एका तरुण डॉक्टरनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्याच्या जिल्ह्यात त्यानं रोज दोनशे सह्या केल्या होत्या.

सरांनी सांगितलं. खिडकी, ट्यूब, पेन्सिल, अंगठा. सहा माणसंही सांगितली, नावानिशी. मग म्हणाले, “पेट्या डोंगरात जाऊ द्या. आजच जाऊ द्या. त्या पुष्कळ बघतात. पण पेटीमागं माणूस हवा, आणि त्या माणसाला पेटीनं शिकवलेलं नको. ज्याचं त्याचं न बघणं वेगळं असू दे. दोघांचे अंगठे एकाच जागी आले, तर पेशंटनं कुणाकडं बघायचं?”

“डॉक्टरसाहेब,” मंत्री घड्याळाकडं बघत म्हणाले, “मग ह्या कागदाचं काय करायचं?”

“त्यावर माझं चिन्ह देतो. शाईचा पॅड आहे का कुणाकडं?”

असल्या वस्तू आता कुठं मिळतात! पण आवक-जावकच्या बोरसेबाई कपाटातून एक जांभळा पॅड शोधून घेऊन आल्या, थुंकी लावून ओला केलेला. सरांनी डावा अंगठा त्यावर घासला आणि प्रमाणपत्रावर दाबला. सहीच्या जागी नव्हे. ‘मानवी वाचनाची आवश्यकता नाही’ ह्या वाक्यावर, ‘नाही’ पूर्ण झाकला जाईल असा.

“अहो, शिकलेली माणसं सही करतात,” मंत्री गोंधळून म्हणाले.

“शिकलेल्याचाच आहे,” सर म्हणाले. “म्हणून तर घ्यायला लागला.”

पुढं बरंच काही झालं. चौकशी बसली, वर्तमानपत्रांत सरांच्या पसरट अंगठ्याचं चित्र आलं, गेलेल्या सहांपैकी दोघांच्या घरचे लोक त्यांच्या दारात येऊन जे बोलायचं ते बोलले आणि सरांनी ते उभ्यानं ऐकून घेतलं. जागा बंद झाल्या नाहीत. विभागात एक नवा वर्ग सुरू झाला: पहिल्याच दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याची नजर उतरवून घ्यायची आणि त्याची मोकळी जागा त्याच्या हातात द्यायची. कुणाला मानेचा खळगा दिसत नव्हता, कुणाला हृदयामागचा भाग. एक पोरगा मोबाईल डाव्या मांडीवर ठेवून वाचायचा, त्याची सगळी उजवी बाजू पातळ होती. जोड्या लावायच्या त्या मोकळ्या जागा एकमेकांवर येणार नाहीत अशा. वर्ग घ्यायची जाई. सर मागच्या बाकावर बसून हजेरी लावत.

मुजावरांचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. फुप्फुसाचा खालचा तुकडा गेला. सर्जन म्हणाला, आणखी सहा महिने गेले असते तर मी हात लावला नसता.

वर्षानं ते फोटोला आले. जाईनं डार्करूम पुन्हा चालू करून फोटो मुद्दाम फिल्मवर काढला. मुजावरांचा हट्टच होता तो, पडद्यावरच्यावर आपला विश्वास नाही म्हणाले. ओली फिल्म सरांनी हातात घेतली आणि सवयीनं पूर्वेच्या खिडकीत गेले.

“कडेला, साहेब!”

सरांनी घाईनं हात बदलला.

“आता त्या बाजूचा कोपरा झाकला. द्या इकडं.” मुजावरांनी फिल्म स्वतःच घेतली आणि दोन्ही हातांनी, बोटांच्या टोकांनी, उजेडात धरली. स्वतःचीच छाती. हात अगदी स्थिर होते.

जाईनं कडेपासून सुरुवात केली. खिडकीबाहेर ॲम्ब्युलन्स आली, गेली. ती एका रांगेनं खाली उतरली, कोपऱ्यात थांबली, तिथंच राहिली. सरांना वाटलं, ही आता कधी बोलणारच नाही.

“कोपरा मोकळा आहे, मामा,” ती म्हणाली.

मुजावरांनी मान वळवली नाही. “साहेब? तुम्ही काय म्हणता?”

सरांनी नजर त्या कोपऱ्याकडं नेली. ती घसरून वर आली. पुन्हा नेली. पुन्हा घसरली.

“मला विचारू नका,” ते म्हणाले. “तिनं बघितलंय.”

मुजावरांनी तेव्हा कुठं फिल्म खाली घेतली.